मंगफ, गुरुवार संध्याकाळ

मग्रिबची अजान संपली की बरकतचाचा कळ दाबतो.
दिवे लगेच लागत नाहीत इथले,
आधी जांभळे होतात, मग ताकासारखे पांढरे.
तोवर मी चुना घेऊन घर आखते.

घरच ते. पाच कोनांचं,
पोरं चित्रात काढतात तसं, छपरासकट.
कॅचरच्या मागून बघितलं तर उलटं पडलेलं,
लांबून, पिचरच्या जागेवरून बघितलं की सुलटं.

ह्याला होम म्हणतात, मी पहिल्या दिवशी सांगितलं.
शाल्मलीनं विचारलं, मग समिधा कुठायत?
मे महिन्यातल्या वास्तुशांतीचा धूर
तिच्या डोळ्यांत अजून होता.

दिवसभर मी गोदामात पावत्या जुळवते.
रोमेल एसी दुरुस्त करतो, त्याच्या शिट्टीलाही
गॅसचा वास येतो.
जळगावात मी तिसऱ्या बेसवर उभी राहायचे,
गुडघ्यावर खूण आहे, साडी नेसले की कुणाला दिसत नाही.
इथे ट्रॅकसूट. इथेही दिसत नाही.

शेबिन बॅट जमिनीला टेकवतो, गार्ड मागतो.
राजा, यष्ट्या नाहीत मागे, वाचवायचं काही नाही.
खांद्याजवळ धर. ओझं नाही ते,
झोपलेलं मूल आहे, अजून उठवायचं नाही,
अजून नाही,
आता.

चेंडू जाळीच्या वरून पार्किंगमध्ये.
कुणाच्या तरी गाडीचा भोंगा बोंबलत सुटतो
आणि बाकड्यावरचे सगळे बाप खिसे चाचपतात.

मार्चमध्ये आईबापांचा सामना ठेवला.
थर्मास, साबुदाणेवडे, रोमेलच्या बायकोचे लुंपिया,
बरकतचाचानं कुठूनतरी आणलेलं कलिंगड.
तलालची आई अबाया सावरत उभी राहिली,
दोन चेंडू सोडले, तिसरा असा हाणला
की रोमेलच्या तोंडातली शिट्टी पडली.
आणि बाई पळाली. तिसऱ्या बेसकडे!

तिकडे नाही, असं कुणी म्हणालंच नाही.
ताकबो! ओडिक्को! यल्ला, यल्ला! भागो बाजी!
माझ्या तोंडून तर आजोळची अहिराणीच निघाली,
पय वं माय, पय!
तिसरा, दुसरा, पहिला,
उलट्या प्रदक्षिणेनं ती घरात आली,
एक चप्पल दुसऱ्या बेसवर, हसून हसून खाली बसली.
तलालनं तोंडावर ग्लव्ह धरला होता,
पण ग्लव्हच्या दोऱ्यांतून बघत होता.

गुण द्यायचा का? रोमेलनं मला विचारलं.
नियमात नाही, मी म्हटलं.
चुना हातात होता. फळ्यावर एक रेघ ओढली.

बाकी सामने आम्ही हरतोच.
अहमदीच्या संघाकडे खरे बूट आहेत,
आमच्याकडे सात ग्लव्ह, बारा मुलं,
म्हणून डाव बदलला की
हातमोजे हातातून हातात, आतून ओले.

त्यातल्या तपकिरी एकाच्या आत
मार्करनं नावं लिहिलीत. मी नाही सुरू केलं ते.
जिनो. हाला. पुन्हा जिनो, मोठ्या अक्षरात.
इफ्तेखार. एक नाव घामानं पुसलेलं, शेवटी फक्त "न".
जूनमध्ये कुणाच्या तरी बापाचं कंत्राट संपतं,
पोरगं ग्लव्ह परत करायला येतं,
आणि जरा जास्त वेळ घालून ठेवतं.

काल शेबिन आला. कोट्टयमला जाणार, कायमचं.
तिथे बेसबॉल नाही म्हणाला.
मी म्हटलं, शिकव मग.
त्यानं मार्कर मागितला,
जागा शोधली, अंगठ्याच्या आत मिळाली.
मल्याळममध्ये लिहिलं, मला वाचता येत नाही,
गोल गोल आहे.

दिवे जाताना मात्र एकदम जातात.
अंधारात चुना तेवढा दिसतो थोडा वेळ.
शाल्मली त्यावर पाय न देता,
वळसा घालून, गाडीकडे जाते.